ज्युलिएटची भूमिका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेक्सपिअरचं ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ साधारण १५९५-९६च्या सुमाराचं. नाट्यशिबिरात, अभिनयाच्या वर्गात किंवा महाविद्यालयाच्या तालमीत ज्युलिएट करायला घेतलेल्या मुली आणि ती बसवणारी मंडळी जे प्रश्न हमखास विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं संहितेच्या आधाराने दिली आहेत. नाटक न वाचता चित्रपट पाहून आलेल्यांना काही ठिकाणी धक्का बसेल, त्याला इलाज नाही.

ज्युलिएट खरंच तेरा वर्षांची आहे का?

हो, आणि त्यात शंकेला जागाच ठेवलेली नाही. पहिल्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात तिची आई आणि दाई तिच्या वयाचा हिशेब मांडून बसतात. लॅमस या १ ऑगस्टच्या सुगीच्या सणाच्या आदल्या रात्री, म्हणजे ३१ जुलैला, पोरीला चौदावं पूर्ण होईल असं दाई छातीठोकपणे सांगते. पुरावाही देते: भूकंप झाला त्याला अकरा वर्षं झाली आणि त्याच दिवशी मी हिचं दूध तोडलं, छातीला कडू पाला लावून उन्हात कबुतरखान्याच्या भिंतीशी बसले होते. असा तपशील बाईच्या तोंडी घातल्यावर वयाबद्दल वाद घालणार कोण? नाटक घडतं ते जुलैच्या मध्यावर, म्हणजे तिचा वाढदिवस जेमतेम पंधरवड्यावर आलेला आहे.

हे वय शेक्सपिअरने मुद्दाम उतरवलं. त्याच्यासमोर आर्थर ब्रुकचं १५६२ सालचं दीर्घकाव्य होतं. त्यातली ज्युलिएट सोळा वर्षांची आहे आणि तिथे गोष्ट कित्येक महिने चालते. शेक्सपिअरने मुलीचं वयही घटवलं आणि काळही घटवला. रविवारी रात्री भेट, सोमवारी दुपारी लग्न, मंगळवारी पहाटे ताटातूट, त्याच रात्री औषध, आणि आठवडा संपायच्या आत सगळा खेळ खलास. एका पोरीला आठवड्यापेक्षा कमी वेळात मोठं व्हावं लागतं. सगळी भूमिका याच ताणावर उभी आहे, आणि तिला सोळा-अठराची करून टाकलं की तो ताणच निघून जातो.

जाता जाता: शेक्सपिअरची थोरली मुलगी सुझाना १५८३ची, म्हणजे नाटक लिहिलं जात होतं तेव्हा बाराएक वर्षांची. दाईच्या मेलेल्या मुलीचं नावही सुझान, आणि ती ज्युलिएटच्याच वयाची. योगायोग म्हणा, पण एकदा लक्षात आलं की डोक्यातून जात नाही.

त्या काळी मुलींची लग्नं लवकरच व्हायची. मग यात विशेष काय?

हा समज सगळ्यात चिवट. इंग्लंडच्या तेव्हाच्या कायद्यानुसार मुलीचं लग्न बाराव्या वर्षी होऊ शकत होतं, हे खरं. प्रत्यक्षात सर्वसाधारण घरातल्या इंग्लिश मुली विशी उलटून चार-पाच वर्षं झाल्यावर बोहल्यावर चढत. खुद्द शेक्सपिअरची बायको अ‍ॅन हॅथवे १५८२ साली लग्नाच्या वेळी सव्वीस वर्षांची होती. बड्या घराण्यांत सोयरिकी लवकर जुळायच्या, आणि ज्युलिएटचं कॅप्युलेट घराणं त्यातलंच. तरीही पॅरिस हा सरदार मागणी घालायला येतो तेव्हा तिचा बाप आधी काय म्हणतो? अजून दोन उन्हाळे जाऊ द्या, इतक्या लवकर आया झालेल्या मुली करपून जातात. म्हणजे लंडनच्या प्रेक्षकालाही ती लहानच वाटली असणार. हाच बाप दुसऱ्याच रात्री तिला तीन दिवसांत उजवायला निघतो, त्यामागची भीती आणि घाई बघायला विसरू नका.

तेरा वर्षांची ज्युलिएट करायला नटी किती वर्षांची हवी?

नाटकवाल्यांत एक जुनं रडगाणं आहे: ज्युलिएट कळायला लागते तोवर ज्युलिएट करायचं वय निघून गेलेलं असतं. त्यात तथ्य आहे, पण निम्मंच.

रंगभूमीच्या इतिहासात या भूमिकेसाठी वयाचा धरबंध कधीच नव्हता. लंडनच्या न्यू थिएटरमधल्या १९३५च्या गाजलेल्या प्रयोगांत जॉन गिलगुड आणि लॉरेन्स ऑलिव्हिए आळीपाळीने रोमिओ आणि त्याचा मित्र मर्क्युशिओ करायचे. तेव्हाची ज्युलिएट पेगी अ‍ॅशक्रॉफ्ट सत्तावीस वर्षांची होती आणि आजही त्या भूमिकेचं नाव निघालं की तिचं नाव घेतलं जातं. दुसऱ्याच वर्षी आलेल्या हॉलिवूडच्या चित्रपटात नॉर्मा शिअररने तिशी ओलांडल्यावर ज्युलिएट केली आणि तिचा रोमिओ चाळिशीच्या पुढचा होता. उलट झेफिरेल्लीच्या १९६८च्या चित्रपटातली ऑलिव्हिया हसी चित्रीकरणाच्या वेळी पंधरा-सोळाची होती. पडद्यावर तो चेहराच अर्धं काम करून जातो. रंगमंचावर मात्र शेवटच्या रांगेपर्यंत साडेपाचशे ओळी पोचवायच्या असतात.

आमचा सल्ला असा की वयापेक्षा वेग बघा. जिचं मन ओळीच्या पुढे धावतं, जिला विचार सुचल्यासारखा बोलता येतो, ती अठराची असो की अठ्ठावीसची, चालेल. बोबडं बोलून, टाळ्या पिटत आणि उड्या मारत लहानपण दाखवणारी मुलगी पंधराची असली तरी नको.

मुळात ही भूमिका पुरुष करायचे, हे खरं का?

मुलगे करायचे. इंग्लंडच्या व्यावसायिक रंगभूमीवर १६६०पर्यंत स्त्रिया नव्हत्या. बारा-तेरापासून अठरा-वीसपर्यंतची पोरं कंपनीतल्या एखाद्या नटाकडे उमेदवारी करायची, त्याच्या घरी राहायची, त्याच्याच हाताखाली तयार व्हायची आणि आवाज फुटून चेहरा राकट होईतो स्त्रीभूमिका करायची.

मराठी वाचकाला बालगंधर्वांची आठवण होणं साहजिक आहे, कारण आपल्याकडेही ‘आंधळ्यांची शाळा’ १९३३ साली येईपर्यंत मुख्य प्रवाहात पुरुषच नायिका होते. फरक एवढाच की बालगंधर्व वयाने वाढले तरी नायिकाच राहिले आणि प्रेक्षक त्यांच्यासाठी यायचे. लंडनच्या पोराला असं वलय नव्हतं. त्याची कारकीर्द पाच-सात वर्षांची असायची.

मग एवढी अवघड भूमिका एका पोरावर सोपवायची हिंमत लेखकाने कशी केली? लिहितानाच तजवीज करून. पहिल्या अंकात तिला हात राखून दिलं आहे, बराचसा वेळ दाई बोलते. पुढे बोलायचं बळ येत जातं तसे उतारे लांबतात. मिठ्या आणि चुंबनं मोजकी आहेत, शृंगाराचा जवळपास सगळा भार शब्दांवर टाकलेला आहे. शारीरिक जवळीक दाखवायला संकोचणाऱ्या हौशी कलाकारांना हे सोयीचं पडतं, हा त्यातला आपला फायदा.

इंग्लिश रंगमंचावरची पहिली स्त्री-ज्युलिएट बहुधा मेरी सॉन्डरसन, १६६२ साली. तो प्रयोग पाहून सॅम्युअल पेप्सने रोजनिशीत लिहिलं की आयुष्यात ऐकलेलं हे सगळ्यात वाईट नाटक. समीक्षकांच्या शेऱ्यांनी खचणाऱ्यांनी हे वाक्य मेकअपच्या आरशावर चिकटवावं.

भूमिका केवढी आहे?

साधारण साडेपाचशे ओळी. रोमिओच्या सहाशेच्या वर आहेत. ज्युलिएट अकरा प्रवेशांत बोलते आणि एका प्रवेशात नुसती मढं होऊन पडून असते.

ती भोळी आहे की चलाख?

हा प्रश्न विचारणाऱ्यांनी पहिले दोन अंक पुन्हा वाचावेत.

पहिल्या प्रवेशात ती पाचच वेळा तोंड उघडते. आई लग्नाचा विषय काढते, दाई बडबड आवरत नाही, आणि ही म्हणते: तो मान मी स्वप्नातही पाहिलेला नाही. होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. पुढे पॅरिसबद्दल विचारल्यावर सांगते की बघून आवडत असेल तर आवडून घ्यायच्या इराद्याने बघेन, पण तुम्ही परवानगी द्याल तेवढंच खोल. आईला वाटतं, पोरगी आज्ञेत आहे. खरं तर तिने काहीच कबूल केलेलं नसतं. अनेक नट्या हे वाक्य मान खाली घालून लाजत म्हणतात आणि हातची जागा घालवतात.

मेजवानीत रोमिओशी पहिली भेट. दोघांचं बोलणं मिळून चौदा ओळींचं एक अख्खं सुनीत होतं, यमकांसकट. तो तिच्या हाताला देवस्थान म्हणतो आणि स्वतःला यात्रेकरू. ती त्याचीच उपमा उचलते आणि त्याच्यावर उलटवते: यात्रेकरूंनी हाताला हात लावावा, ओठ प्रार्थनेसाठी असतात. प्रेम जुळतंय ते नजरेत आणि त्याहून जास्त या बरोबरीच्या जुगलबंदीत. चुंबनानंतर तिचा शेरा काय? ‘तुम्ही अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं चुंबन घेता.’ ही कौतुकाची पावती आहे की चिमटा, ते तुमच्या नटीने ठरवावं. आम्हाला चिमटा जास्त आवडतो.

आणि लगेच पुढे, पाहुणे निघाले असताना तिला त्याचं नाव हवं असतं. थेट विचारत नाही. आधी एकाकडे बोट दाखवून दाईला विचारते हा कोण, मग दुसऱ्याबद्दल विचारते, आणि तिसऱ्या खेपेला सहज विचारल्यासारखं करून: आणि तो, ज्याने नाच केला नाही? नाव कळल्यावर तोंडून निघून गेलेलं वाक्य दाईने ऐकलं तर म्हणते, काही नाही गं, आत्ता कुणाकडून तरी शिकलेली कविता. आयुष्यातलं पहिलं प्रेम आणि पहिली थाप यांत एका मिनिटाचंही अंतर नाही.

‘नावात काय आहे’ असं शेक्सपिअर म्हणून गेलाय ना?

शेक्सपिअर नाही, ज्युलिएट म्हणते. तेही आपल्याला कुणी ऐकत नाही अशा समजुतीत, मध्यरात्री, स्वतःची समजूत घालताना. गुलाबाला दुसरं काही म्हटलं तरी वास तोच येईल, मग माँटेग्यू (रोमिओचं आडनाव, तिच्या घराण्याशी हाडवैर असलेलं) म्हणजे काय, हात नाही, पाय नाही, चेहरा नाही, असा तिचा युक्तिवाद आहे. युक्तिवाद बिनतोड वाटतो, आणि पुढचं सगळं नाटक त्याला खोटं पाडतं. नावातच सगळं आहे: मर्क्युशिओ मरतो, ज्युलिएटचा मामेभाऊ टिबॉल्ट मरतो, रोमिओ हद्दपार होतो, सगळं आडनावापायी. आपल्याकडे हे वाक्य लग्नपत्रिकेपासून अग्रलेखापर्यंत सुभाषित म्हणून वापरलं जातं, म्हणून नट्याही ते सुभाषितासारखंच म्हणतात, शांतपणे, प्रेक्षकांकडे बघत. तसं म्हणू नका. ही वाट शोधणारी मुलगी आहे. एक दार बंद दिसलं की दुसरं ढकलून बघतेय.

बाल्कनीच्या प्रवेशात बाल्कनी हवीच का?

मूळ संहितेत बाल्कनीचा उल्लेख नाही. ती वर, खिडकीशी दिसते, एवढंच. टेबलावर उभी राहिली तरी चालेल, फक्त दोघांना एकमेकांपर्यंत पोचता येऊ नये. व्हेरोनात दाखवतात त्या घराची बाल्कनीही विसाव्या शतकात जोडलेली आहे, पर्यटकांसाठी.

त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे या प्रवेशात कामाचं कोण बोलतंय ते बघा. तो खाली उभा राहून चंद्र, तारे, पंख असलेले देवदूत यांत रमलेला असतो. ती विचारते: आलास कसा? भिंती उंच आहेत. वाट कुणी दाखवली? माझ्या घरच्यांनी पाहिलं तर मारून टाकतील. तो चंद्राची शपथ घ्यायला जातो तर ती अडवते, चंद्र दर महिन्याला बदलतो. हे फार घाईचं, फार अविचाराचं, फार अचानक आहे हेही तीच म्हणते. आणि लग्नाचा विषय तीच काढते: हेतू लग्नाचा असेल तर उद्या निरोप धाड, कुठे आणि केव्हा ते सांग. किती वाजता माणूस पाठवू? नऊ वाजता. सगळी आखणी वरच्या मजल्यावरून होते. प्रवेशात ती त्याच्यापेक्षा बोलतेही जास्त.

मग अचानक ती त्याला परत हाक मारते आणि म्हणते, का बोलावलं तेच विसरले. एवढ्या व्यवहारी मुलीच्या तोंडी हे वाक्य आलं की प्रेक्षागृह हसतं. हसू द्या.

दाईशी तिचं नातं नेमकं कसं आहे?

भूमिकेचा खरा कणा इथे आहे, असं आमचं मत. रोमिओवर लक्ष ठेवणाऱ्यांच्या हातून हे निसटतं.

आईला ज्युलिएट ‘मॅडम’ म्हणते. मायेने, हक्काने, चिडून ती बोलते ती दाईशी. दुसऱ्या अंकाच्या पाचव्या प्रवेशात दाई रोमिओचा निरोप घेऊन येते तेव्हा आधी कंबर दुखते, डोकं ठणकतं, दम लागलाय असं पाल्हाळ लावते. ज्युलिएट म्हणते: दम नाही हे सांगायला तुला दम आहे, मग निरोप सांगायला काय झालं? इथे दोघींची लय जमली तर पुढचं सगळं आपोआप दुखतं. तालमीचा सगळ्यात जास्त वेळ या विनोदी प्रवेशाला द्या.

कारण तिसऱ्या अंकाच्या शेवटी याच दाईकडे ती आधार मागते. बापाने पॅरिसशी लग्न कर नाहीतर घराबाहेर हो म्हणून बजावलंय, आईने ‘तुझं तू बघ, माझा संबंध संपला’ म्हणून पाठ फिरवलीय. ती दाईला म्हणते, काहीतरी सांग, धीराचा एक शब्द दे. दाई थोडा विचार करते आणि सांगते: पॅरिसशी लग्न करून टाक. त्याच्यापुढे रोमिओ म्हणजे पोतेरं. पहिला नवरा मेल्यातच जमा आहे.

ज्युलिएट विचारते, मनापासून बोलतेस? दाई म्हणते, अगदी मनापासून. ज्युलिएटचं उत्तर: तू मला फार छान धीर दिलास. आत जाऊन सांग, मी पाद्रीबुवांकडे (तिचं आणि रोमिओचं गुपचूप लग्न लावणारे) पापाची कबुली द्यायला गेले आहे. दाई खूश होऊन निघते. १५९७च्या पहिल्या छापील प्रतीत इथे छोटीशी रंगसूचना आहे: ती दाईच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघते. ही प्रत बाकी बरीच तोडकीमोडकी आहे, पण तिच्यातल्या रंगसूचना सोनं आहेत, प्रयोग पाहिलेल्या माणसाच्या वाटतात. त्या बघण्याला पूर्ण वेळ द्या. त्यानंतर येणाऱ्या शिवीपेक्षा ते जास्त बोलतं.

इथून पुढे ती कुणालाच खरं सांगत नाही. बापासमोर गुडघे टेकून माफी मागते तीही थापच, आणि ती इतकी बेमालूम वठते की बाप आनंदाने लग्न गुरुवारवरून बुधवारवर आणतो. घात तिथे होतो. एक दिवस गेला, आणि आधीच साथीमुळे अडकून पडणार असलेल्या, पाद्रीबुवांनी रोमिओला बेत कळवायला लिहिलेल्या चिठ्ठीला पोचायला होता तोही वेळ कमी झाला.

‘घोडे’वाला उतारा एवढा गाजलेला का?

तिसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश. लग्न झालंय, रात्र व्हायची आहे, आणि ती सूर्याच्या घोड्यांना हाकारते: धावा, लवकर मावळतीला न्या. ‘ये रात्री, ये रोमिओ, ये’ अशा हाका एकामागून एक येतात. शेक्सपिअरने एका मुलीच्या तोंडी देहाची ओढ इतकी उघड आणि इतकी निर्मळ घातली आहे की एकोणिसाव्या शतकातल्या मंडळींनी यातल्या ओळी कापल्या. रोमिओच्या हातून झालेला टिबॉल्टचा खून प्रेक्षकांना माहीत आहे, तिला नाही. म्हणून तिने एक कणभरही दुःखाची चाहूल देऊ नये. शेवटी ती म्हणते, सणाच्या आदल्या रात्री नवे कपडे आणून ठेवलेत पण घालायची परवानगी नाही, अशा पोरीसारखा हा दिवस संपता संपत नाही. तेरा वर्षांचं वय आठवण करून द्यायला एवढी एक ओळ पुरे.

ती रोमिओबरोबर मांटुआला पळून का जात नाही?

रोज विचारला जाणारा प्रश्न. मांटुआ म्हणजे हद्दपार झालेला रोमिओ जातो ते शहर. पहाटे रोमिओ निघतो तेव्हा पॅरिसशी लग्न ठरल्याचं दोघांनाही माहीत नसतं. पाद्र्याची योजना अशी असते की प्रकरण निवलं की लग्न जाहीर करायचं आणि राजाची माफी मिळवायची. सोयरीक कळते तोवर तो शहराबाहेर गेलेला असतो, आणि ती घरात, पहाऱ्यात. एकटी मुलगी शहराच्या वेशीबाहेर पडणार कशी? शेक्सपिअरच्या रोझलिंड, व्हायोला पुरुषाचे कपडे चढवून निघतात, पण ती विनोदी नाटकांची सोय. ज्युलिएटला वेशांतर मिळत नाही.

औषध पिण्याआधीचं स्वगत कसं उभं करावं?

चौथ्या अंकाचा तिसरा प्रवेश. सुमारे पंचेचाळीस ओळी, रंगमंचावर ती एकटी. पॅरिसशी लग्न टळावं आणि थडग्यातून रोमिओने न्यावं म्हणून पाद्रीबुवांनी दिलेली, बेचाळीस तास मेल्यासारखं झोपवणारी कुपी हातात.

बहुतेक नट्या पहिल्या ओळीपासून थरथरायला लागतात आणि दहाव्या ओळीला जायला जागा उरत नाही. उताऱ्याची बांधणी बघा. आई आणि दाई गेल्या. शिरांतून गार भीती सरसरते. ती हाक मारते: दाई! आणि स्वतःलाच थांबवते, ती येऊन काय करणार? हे सोंग मला एकटीनेच वठवायला हवं. आधीच्या प्रवेशात दाईकडे बघण्याला तुम्ही वेळ दिला असेल, तर ही अर्धी हाक प्रेक्षकांच्या अंगावर येते.

मग ती शंका एकेक करून काढते, आणि प्रत्येकीला उत्तर देते. औषध लागूच पडलं नाही तर? सुरा आहे, तो बाजूला ठेवते. (ठेवताना दिसला पाहिजे, आवाजही यावा.) हे विषच असेल तर? आपण लावलेलं लग्न उघडं पडून आपली अब्रू जाऊ नये म्हणून पाद्रीबुवांनी दिलं असेल तर? नाही, तो माणूस आजवर सज्जन ठरलाय. इथवर हे डोकं चालतंय. आवाज खालीच ठेवा, घाई करू नका.

तिसरी शंका: रोमिओ यायच्या आधी जाग आली तर? तळघरातल्या थडग्यात हवा नाही, गुदमरेन. आणि समजा जगले, तर... इथे वाक्य मोडतं. ती सुरुवात करते, थडग्याचं वर्णन मध्ये घुसतं, पूर्वजांची हाडं, परवाच पुरलेला टिबॉल्ट, वास, किंकाळ्या, आणि मूळ वाक्य पूर्णच होत नाही. ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करते, पुन्हा वाहवत जाते. शंकेला उत्तर देणं थांबलं, हाच उताऱ्याचा कडा. वेड लागून मी पणजोबाच्या हाडांशी खेळेन, टिबॉल्टला कफनातून उपटेन, कुठल्यातरी थोर नातलगाच्या हाडाने स्वतःचंच डोकं फोडेन. ही चित्रं तिला दिसायला हवीत, ऐकवायला नव्हे. आणि मग खरंच टिबॉल्ट दिसतो, रोमिओला शोधत. थांब, टिबॉल्ट, थांब!

आणि ती पिते. धीर आला म्हणून पीत नाही. टिबॉल्ट रोमिओपर्यंत पोचायच्या आत आपण पोचावं म्हणून पिते. पहिल्या छापील प्रतीतली सूचना: पडद्यांच्या आत ती पलंगावर कोसळते.

मराठी अनुवादातून करत असाल तर हे मोडलेलं वाक्य अनुवादकाने सांधलंय का ते तपासा. बरेचदा अर्थ नीट लागावा म्हणून सांधतात. सांधलं असेल तर दिग्दर्शकाशी बोलून पुन्हा मोडून घ्या.

रोमिओ मरायच्या आधी ती जागी होते ना? मी तसं पाहिलंय.

पाहिलं असेल, पण ते शेक्सपिअरचं नाही. डेव्हिड गॅरिकने १७४८ साली नाटक दुरुस्त करून बसवलं तेव्हा ज्युलिएटला अठरा वर्षांची केलं, आणि रोमिओने विष घेतल्यावर तिला जागी करून दोघांना शेवटचा रडका संवाद दिला. प्रेक्षकांना तो इतका आवडला की जवळपास शंभर वर्षं हाच शेवट चालला. १८४५ साली शार्लट कुशमन या अमेरिकन अभिनेत्रीने लंडनमध्ये शेक्सपिअरची संहिता परत आणली. गंमत म्हणजे ती स्वतः रोमिओ करायची आणि ज्युलिएट तिची सख्खी बहीण सुझन.

मूळ संहितेत ती उठते तेव्हा तो गेलेला असतो. पाद्रीबुवा पहारेकऱ्यांची चाहूल लागताच तिला जोगिणींच्या मठात ठेवतो म्हणतात आणि ती हलत नाही म्हटल्यावर पळ काढतात. मग अगदी थोड्या ओळी. ती रोमिओच्या रिकाम्या पेल्यावर रागावते, सगळं पिऊन टाकलंस, माझ्यासाठी थेंबही ठेवला नाहीस? ओठांचं चुंबन घेते, ओठ अजून कोमट आहेत. पहारेकऱ्यांचा आवाज, सुरा, संपलं. कवितेला वेळ नाही. इथे पॉज घेत बसणाऱ्या ज्युलिएटला पहारेकरी येऊन पकडतील, एवढं साधं गणित आहे.

ऑडिशनला कोणता उतारा निवडू?

औषधाचं स्वगत सगळेच करतात, परीक्षक दमलेले असतात. दाईची वाट बघतानाचा उतारा घ्या, दुसऱ्या अंकाच्या पाचव्या प्रवेशाची सुरुवात. लहान आहे, चेष्टा आहे, अधीरता आहे, आणि तुम्हाला ओळीच्या पुढे विचार करता येतो की नाही ते पंधरा ओळींत कळतं. मराठीत हवं असेल तर मंगेश पाडगावकरांचा अनुवाद आहे.

मेल्याचं सोंग करताना श्वासाचं काय करायचं?

हा प्रश्न सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हळू आवाजात विचारला जातो. चौथ्या अंकाच्या पाचव्या प्रवेशात घरचे छाती पिटत असताना पडून राहायचं, आणि पाचव्या अंकात पॅरिस येऊन मरेपर्यंत, रोमिओचं लांबलचक भाषण संपेपर्यंत पुन्हा पडून राहायचं. श्वास रोखू नका, दोन मिनिटांनी मोठा उसासा निघेल. पोटाने, संथ, तोंड किंचित उघडं ठेवून घ्या. पोट झाकेल अशी चादर किंवा फुलं वेशभूषेवाल्यांकडून आधीच मागून घ्या. पापण्या गच्च मिटल्या की लवतात, नुसत्या टेकू द्या. चेहरा प्रेक्षकांपासून थोडा वळवा. पडण्याआधी केस नाकावर आलेले नाहीत ना ते बघा. आणि रोमिओला तालमीतच सांगून ठेवा की रडताना सगळा भार छातीवर टाकायचा नाही.